नांव बदललें, नोंदींचें काय?



बारशाच्या दिवशीं पाळण्याशीं वाकून आत्या बाळाच्या कानांत त्याचें नांव सांगते. त्या क्षणीं तें नांव केवळ घरचें असतें. पुढें तें जन्माच्या नोंदींत उतरतें, शाळेच्या दाखल्यावर येतें, आणि मग तें घरचें राहत नाहीं. ज्याचें नांव त्यालाच तें बदलावयाचें झालें, तर त्यानें अनेक कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. हे उंबरठे कोणते आणि ते कोणत्या क्रमानें ओलांडावे, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा विषय मला सुचला तो पुस्तकांतून नव्हे. दोन वर्षांपूर्वीं, म्हणजे १९२४ नव्हे तर २०२४ सालच्या पावसाळ्यांत, माझी एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली. शाळेंत तिचें नांव होतें नकुशी. मुलगा हवा असतां पुन्हां मुलगी झाली म्हणजे 'आतां ही पुरे' अशा भावनेनें हें नांव ठेवण्याची चाल आपल्या कांहीं भागांत होती. तिच्या वडिलांनीं प्रवेशाच्या दिवशीं तें नांव सांगितलें आणि मीं तें माझ्या वळणदार अक्षरांत जनरल रजिस्टरांत उतरवून घेतलें. "दुसरें कांहीं ठेवूं या का?" एवढा प्रश्न विचारण्याचें मला सुचलें नाहीं. सातारा जिल्ह्यांत ऑक्टोबर २०११ मध्यें अशा अडीचशेंहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. आमचा जिल्हा दुसरा; आमच्याकडे तसें कांहीं घडलें नाहीं.

लग्नांत सासरच्यांनीं ताटांतल्या तांदळांत तिचें नवें नांव लिहिलें होतें. परंतु तांदूळ पुन्हां डब्यांत गेले आणि कागदांवर नकुशी तशीच राहिली. आतां तिला दिवस गेले होते. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव शासकीय कागदपत्रांत बाळाचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव या क्रमानें लिहावयाचें असतें. ती म्हणाली, "गुरुजी, माझें नांव मीं सोसलें. पण माझ्या लेकराच्या नांवाच्या मधोमध तें नको." यावर मी काय बोलणार? तें नांव कागदावर प्रथम आणणारा हात माझाच होता.

तिची पहिली अपेक्षा अशी कीं, मीं शाळेंत शब्द टाकून दाखला बदलून द्यावा. पुष्कळांची समजूत अशीच असते. म्हणून हें प्रथम सांगतों. विद्यार्थी शाळेंत शिकत असतो तोंवर रीतसर अर्ज करून रजिस्टरांतील नांव बदलतां येतें. शाळा सोडल्यानंतर मात्र उघड लेखनदोषच तेवढा वरिष्ठांच्या मंजुरीनें दुरुस्त होतो. स्वेच्छेनें घेतलेलें नवें नांव त्यांत सामान्यतः घालतां येत नाहीं. दाखल्यावर परस्पर खाडाखोड करणें हा तर गुन्हाच. जन्माच्या नोंदींतहि १९६९ च्या कायद्यानें हेंच तत्त्व पाळलें आहे. तेथें चूक दुरुस्त करावयाची ती समासांत टीप लिहून. मूळ नोंद पुसावयाची नाहीं. कारण नोंद म्हणजे त्या दिवशीं काय सांगितलें गेलें त्याची साक्ष, आणि साक्ष मागाहून फिरवून चालत नाहीं.

मग मार्ग कोणता? जुना कागद जुनाच ठेवावयाचा आणि जुन्या व नव्या नांवांमध्यें एक पूल बांधावयाचा. आपल्या राज्यांत हा पूल म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन. शासकीय मुद्रण विभागाकडे आतां घरबसल्या संगणकावरून अर्ज करतां येतो. जुनें नांव, नवें नांव, बदलाचें कारण आणि ओळखीचे व पत्त्याचे पुरावे जोडून शुल्क भरलें कीं, यथावकाश ती जाहिरात राजपत्रांत छापून येते. तिच्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी शासन घेत नाहीं, हें तेथेंच छापलेलें असतें. म्हणजे ती अर्जदारानें स्वतःच्या जबाबदारीवर केलेली जाहीर घोषणा होय. म्हणून तींत असत्य असूं नये.

अर्ज भरण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य करावी. एका कोऱ्या कागदावर आपलें संपूर्ण नवें नांव देवनागरींत आणि इंग्रजींत लिहून ठेवावें आणि पुढें प्रत्येक ठिकाणीं त्यावरूनच अक्षरशः नक्कल करावी. 'वैद्य' लिहितांना एके ठिकाणीं व्ही आणि दुसऱ्या ठिकाणीं डब्ल्यू पडला, कीं यंत्राच्या दृष्टीनें ते दोन निराळे गृहस्थ झाले. पूर्वींचा कारकून चष्मा वर करून "अहो, हे तेच" म्हणत असे; यंत्राला तशी ओळख नसते.

राजपत्र हातीं आल्यावर पहिला क्रम आधार कार्डाचा. बँकेपासून आयकरापर्यंत बहुतेक ठिकाणीं नांवाची पडताळणी आधाराशीं होते. म्हणून मुळाला पाणी आधीं घालावें. आधारावरील नांव सामान्य रीतीनें आयुष्यांत दोनदांच बदलतां येतें. तेव्हां अक्षरांविषयींचा वरील इशारा येथें विशेष लक्षांत ठेवावा. त्यानंतर पॅन कार्ड. तें आधाराशीं जुळलें नाहीं तर दोहोंची जोडणी अडते. मग बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधि वा निवृत्तिवेतन. मग मतदार यादी, तिच्यासाठीं नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. शिधापत्रिका आणि वाहन चालविण्याचा परवाना. आधाराचा आणि पॅनचा क्रमांक या बदलानें बदलत नाहीं. त्यावरील नांव तेवढें बदलतें. पासपोर्टाचें मात्र तसें नाहीं. जुन्या पुस्तिकेंत नांव खोडून लिहीत नाहींत; नव्या नांवाची नवी पुस्तिका नव्या क्रमांकासह मिळते. प्रवासाचें तिकीट काढण्यापूर्वीं हें उरकलेलें बरें.

विवाहानंतर नांव बदललेंच पाहिजे असा कायदा नाहीं, हेंहि येथें सांगून ठेवतों. माहेरचें नांव ठेवणाऱ्या मुलीला कोणी कचेरींत अडवील अशी भीति बाळगूं नये. केवळ वडिलांच्या जागीं पतीचें नांव आणि आडनांव घ्यावयाचें असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला पुष्कळ ठिकाणीं पुरेसा होतो. परंतु पहिलें नांवहि बदललें असेल तर राजपत्राचाच आधार घ्यावा.

आतां माझ्या विद्यार्थिनीकडे वळतों. राजपत्र निघालें, तिला सातवा महिना सरत आला होता. आम्ही आधार केंद्रावर गेलों. मीं मोठ्या रुबाबानें राजपत्राची प्रत पुढें केली. तेथील मुलानें विचारलें, "जुन्या नांवाचा छायाचित्रासह पुरावा कोठें आहे?" तो आम्हीं घरींच ठेवला होता, कारण जुनें नांव टाकावयाचें तर जुना कागद कशाला, असा माझा हिशेब! पुलाला दोन्ही तीर लागतात, हें मुलांना शिकविणारा मी स्वतः विसरलों होतों. त्या अवघडलेल्या मुलीला एस. टी.नें पुन्हां एक हेलपाटा पडला. तेव्हांपासून मी प्रत्येकाला सांगतों, नवें नांव मिळालें तरी जुनीं कागदपत्रें फाडूं नका. राजपत्राच्या पांच-सहा प्रती काढा आणि त्यांतील एक शाळेच्या दाखल्याला कायमची जोडून ठेवा.

दुसऱ्या फेरींत काम झालें. बाळंतपणापूर्वीं आठ दिवस तिचें नवें आधार कार्ड आलें. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आंत कळवावयाची असते. रुग्णालयानें ती कळविली तेव्हां आईच्या रकान्यांत तिनें स्वतः निवडलेलें नांव लिहिलें गेलें. मुलगी झाली. पेढे घेऊन ती आली तेव्हां तिनें जन्माचा दाखला माझ्या हातीं दिला आणि म्हणाली, "गुरुजी, मोठ्यानें वाचा." मीं आधीं लेकीचें, मग आईचें, असें सारें नांव वाचलें.

सर्वोच्च न्यायालयानें ३ जून २०२१ रोजीं जिग्या यादव प्रकरणांत नांव हा माणसाच्या ओळखीचा अविभाज्य भाग मानला, तेव्हां तो निकाल मीं वर्तमानपत्रांत वाचला होता. त्याचा अर्थ मात्र मला त्या दिवशीं कळला. माझ्या जुन्या शाळेच्या रजिस्टरांत नकुशी अजून आहे आणि तेथें ती राहणारच. ती माझ्याहि एका चुकीची नोंद आहे.

श्रोत्यांत जे शिक्षक असतील, त्यांना एवढीच विनंति कीं, प्रवेशाच्या दिवशीं लेखणी टेंकण्यापूर्वीं मुलाचें नांव एकदां मोठ्यानें उच्चारून पाहावें. आणि घरांत कोणाचें नांव बदललें असेल, तर गरज दारांत येऊन उभी राहण्याची वाट न पाहतां, या आठवड्यांतच सारे कागद एकत्र मांडून नांवें ताडून पाहावीं.