कबुलीजबाबाच्या विरोधात



रहस्यकथालेखकांच्या या मेळाव्याचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी अंगरखा चढवला तेथपासून हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड या नायकांपर्यंतचे सिंहावलोकन रिवाजाप्रमाणे मी करावे, अशी अपेक्षा असणार; परंतु तो इतिहास आपणांस मुखोद्गत आहे, आणि जी फिर्याद मी कित्येक वर्षे मनात बाळगून आहे, ती दाखल करण्यास असे व्यासपीठ पुन्हा मिळण्याचा संभव थोडा.

माझी फिर्याद शेवटच्या प्रकरणाविरुद्ध आहे. दिवाणखान्यात सर्व संशयित जमतात, गुप्तहेर एकेकाची उलटतपासणी घेतो, खुनी कोसळून फौजदारासमक्ष गुन्हा कबूल करतो आणि पुस्तक मिटते. आता 1872 च्या पुराव्याच्या कायद्याचे पंचविसावे कलम पाहा: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. (नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, तत्त्व कायम आहे.) म्हणजे आमची कथा जेथे संपते, तेथे आमच्या मुलखातला खटला उभाही राहिलेला नसतो! त्याच जुन्या कायद्याचे सत्ताविसावे कलम तर याहून विलक्षण. ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो उकिरड्यात पुरला आहे, काढून देतो’, असे कोठडीतला आरोपी म्हणाला आणि कोयता खरोखर निघाला, तर वाक्याचा उत्तरार्ध ग्राह्य आणि पूर्वार्ध त्याज्य. एकाच श्वासात उच्चारलेल्या वाक्याला मध्येच कापून अर्धे न्यायासनापुढे ठेवणारी ही व्यवस्था ज्या लेखकाच्या दाराशी आहे, त्याने विलायती उमरावाच्या वाड्यातले विष उसने का आणावे?

नावीन्य म्हणजे अखेरचा धक्का, असे आमच्यातले काही विद्वान म्हणतात व 1926 सालच्या ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ कादंबरीचा दाखला देतात. परंतु त्या धक्क्याचे बळ कथा सांगणाऱ्या गावच्या डॉक्टराच्या सभ्य, मोजक्या, व्यवसायाने अंगवळणी पडलेल्या बोलण्यात पहिल्या पानापासून मुरलेले आहे. ते बोलणे काढा, उरते ती निव्वळ हातचलाखी.

सत्र न्यायालयात वकिली करीत असता एका खटल्यात मी पंचाची साक्ष ऐकली. चौकीसमोर चहा विकणारा हा मनुष्य इतक्या पंचनाम्यांवर सही करून बसला होता की बचावपक्षाच्या वकिलाने त्याला पगार किती मिळतो असे विचारले. तो शांतपणे म्हणाला, “सही माझी आहे, मजकूर मला वाचून दाखवला नाही.” मुद्देमालाचा कोयता टेबलावर लाखेच्या मोहोरेसह पडून होता, खून कोणी केला हे कचेरीतल्या शिपायापासून सर्वांना ठाऊक होते, आणि आरोपी सुटला. त्या पंचावर मी कथा लिहिली: फौजदाराला नाही म्हटले तर चहाची गाडी कुठे लावावी, या त्याच्या एका चिंतेवर. एका मासिकाच्या संपादकांनी ती परत केली; शेरा असा की, खुनी पहिल्याच पानावर कळतो, सबब रहस्य नाही. तो पंच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात काय बोलेल, हे रहस्य त्यांना रहस्यच वाटले नाही!

पंच, मुद्देमाल, फितूर साक्षीदार, शवविच्छेदनाचा अहवाल यांविषयी लेखकांना उपयोगी पडेल असा एखादा ग्रंथ सिद्ध व्हावा, निवृत्त शिरस्तेदारांचे अनुभव कोणीतरी टिपून घ्यावेत, त्यासाठी यथावकाश समितीही नेमता येईल. तपशील कार्यकारिणी पाहील. मात्र उद्याच्या परिसंवादाचा ‘अनपेक्षित शेवट कसा साधावा’ हा विषय चिटणिसांनी आज रात्रीच बदलावा, अशी माझी विनंती आहे. न बदलल्यास मी पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वक्त्याच्या खुन्याला विचारीन की, त्याने कबुली कोणापुढे दिली.