जुना सैनिकी नकाशा आणि आजचे गाव

(देवगाव फाटा, जिल्हा परभणी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'फाटा' हे मुळात गावाचे नाव नव्हे. वाट जेथे फुटते त्या जागेचे ते नाव होय. जिंतूर-मंठा रस्त्यावरून सेलूकडे जाणारी वाट जेथे निघते, तेथे आधी थांबा होतो, मग दोन-चार दुकाने येतात आणि पाहता पाहता वस्ती उभी राहते. रस्ता बदलला की फाट्याचे महत्त्वही बदलते. ओढ्याचे, टेकडीचे आणि नदीच्या उताराचे तसे नसते. माणसाने मुद्दाम हात लावला नाही, तर ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जागी राहतात.

परंतु माणसाचा हात लागतोच. ओढा नांगरटीत जातो, पाणंद दोन्ही बाजूंच्या बांधांनी आक्रसत जाते, जुने तळे गाळाने भरून त्यावर पीक उभे राहते. मग एखाद्या अतिवृष्टीत पाणी जुनी वाट शोधीत शेतात शिरते आणि ग्रामसभेत प्रश्न उभा राहतो : ओढा पूर्वी नेमका कोठून वाहत होता? वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात मेळ नसतो. अशा वेळी उपयोगी पडू शकेल असा एक साक्षीदार आहे. तो म्हणजे मुख्यतः सैन्याच्या गरजेपोटी तयार झालेला जुना स्थलदर्शक नकाशा. मात्र हा साक्षीदार योग्य रीतीने उभा केला तरच खरे बोलतो. निष्काळजीपणाने उभा केला तर निरपराध शेतकऱ्याला अतिक्रमण करणारा ठरवितो.

सैन्याची गरज, गावाचा लाभ

सैन्याला भूमीची माहिती किती मोलाची असते, याचे उदाहरण शेजारच्या जालना जिल्ह्यातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईपूर्वी आर्थर वेलस्ली याला केळणा नदी ओलांडावयाची होती. जवळपास उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. अशा गावांची ये-जा असणारच, म्हणून तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तो खरा निघाला आणि त्याचे सैन्य पार झाले. ज्या माहितीवर लढाईचे पारडे फिरले, ती त्या मुलखातील साध्या शेतकऱ्याला रोजच्या व्यवहारातून ठाऊक होती.

पुढे हीच माहिती कागदावर पद्धतशीरपणे उतरविण्यात आली. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्रिकोणांची ही साखळी दक्षिणेतून वर सरकत १८१५ मध्ये बीदरपर्यंत पोहोचली, तेथे पुन्हा पायारेषा मोजली गेली. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच लॅम्ब्टनचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. त्याच त्रिकोणांच्या आधाराने निजामाच्या राज्यातील भूभाग, म्हणजे आजचा मराठवाडाही, नकाशावर बसविला गेला. १९०५ नंतर एक इंचास एक मैल या प्रमाणाची रंगीत पत्रके निघू लागली आणि मेट्रिक पद्धती आल्यावर १:५०,००० प्रमाणाची पत्रके आली.

या पत्रकांवर काय असते? तोफगाडा कोठून जाईल म्हणून गाडीवाट, शिपायांना पाणी कोठे मिळेल म्हणून विहीर व तळे, नदी कोठे ओलांडता येईल म्हणून उतार, दुरून खूण पटावी म्हणून देऊळ, दर्गा किंवा एकटे झाड. पाणी निळ्या रंगात, समोच्च रेषा तपकिरी, झाडी हिरवी. सैन्याने स्वतःसाठी जे टिपून ठेवले, नेमके तेच आज पाणलोट, रस्ते आणि पाणीपुरवठा पाहणाऱ्या ग्रामपंचायतीला हवे असते.

पत्रक ओळखावे कसे?

या नकाशांच्या क्रमांकात एक व्यवस्था आहे. चार अंश अक्षांश व चार अंश रेखांश यांच्या प्रत्येक चौकटीस एक क्रमांक असतो. १६ ते २० अंश उत्तर व ७६ ते ८० अंश पूर्व या चौकटीचा क्रमांक ५६ आहे. तिचे एकेक अंशाचे सोळा भाग पडतात. त्यांना इंग्रजी अक्षरे 'ए' पासून 'पी' पर्यंत दिली जातात. वायव्य कोपऱ्यातील '५६ ए' या भागात सेलू, जिंतूर, मंठा व देवगाव फाटा हा सारा टापू येतो. या भागाचेही पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे केलेले असतात व त्यांना १ ते १६ अंक असतात. शाळेतील मुलांस एवढी रीत समजली, तर महाराष्ट्रातील कोणतेही गाव कोणत्या पत्रकावर असेल हे ती घरबसल्या सांगू शकतील.

पत्रक हाती आल्यावर प्रथम समास वाचावा. सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष ही दोन्ही तेथे दिलेली असतात व त्यांत बरेचदा मोठे अंतर असते. नकाशा बोलतो तो सर्वेक्षणाच्या वर्षाविषयी, छपाईच्या नव्हे.

कागदावरून संगणकावर

पहिले काम अंकीकरणाचे, म्हणजे पत्रकाची संगणकीय प्रतिमा घेण्याचे. पत्रक सपाट ठेवून, घडी न दुमडता, मोठ्या स्कॅनरवर प्रतिमा घ्यावी. इंचास ३०० ठिपके या घनतेने घेतलेल्या प्रतिमेत एक-इंची नकाशावरील एक ठिपका जमिनीवर सुमारे साडेपाच मीटर भरतो. ४०० ठिपक्यांस तो चार मीटरांवर येतो. मोबाइलने तिरपे छायाचित्र घेऊन हे काम साधत नाही, कारण कडेचे अंतर आक्रसते.

कागद हा जिवंत पदार्थासारखा वागतो. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. एक-इंची पत्रकाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४४ सेंटिमीटर असते. ती अर्धा टक्का जरी आक्रसली तरी दोन मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो, आणि या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. म्हणून केवळ प्रतिमा घेऊन भागत नाही. तिला पृथ्वीवरील तिच्या खऱ्या जागी बसवावे लागते. यालाच भूसंदर्भन म्हणतात.

नकाशा जमिनीला बांधणे

भूसंदर्भनाची कल्पना सोपी आहे. घोंगडे जमिनीवर पसरून चहूबाजूंनी खुंट्या ठोकाव्यात, तसे हे काम. खुंट्या म्हणजे ज्यांचे अक्षांश-रेखांश निश्चित ठाऊक आहेत असे नियंत्रण बिंदू. पंधरा मिनिटांच्या पत्रकावर दर पाच मिनिटांस अक्षवृत्ते व रेखावृत्ते काढलेली असतात. कडा धरून त्यांचे सोळा छेद मिळतात. हे सोळा छेद सर्वांत भरवशाच्या खुंट्या होत. क्यूजीआयएससारखी विनामूल्य संगणकप्रणाली त्यांच्या आधाराने प्रतिमा ताणून योग्य जागी बसविते.

येथे एक फसगत संभवते. साध्या रूपांतरास निदान तीन बिंदू पुरतात. परंतु तीनच बिंदू दिले तर संगणक चूक शून्य दाखवितो, कारण तपासण्यास त्याच्याकडे चौथा बिंदू उरलेलाच नसतो. शून्य चूक म्हणजे अचूक नकाशा नव्हे. म्हणून सोळाही छेद वापरावेत आणि शिवाय काही खुणा बाजूला राखून ठेवून त्यांवर परीक्षा घ्यावी : जुने देऊळ, बांधीव बारव, रेल्वेचा जुना पूल. मनमाडकडून परभणीकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमाराचा आहे, त्यावरील सेलू स्थानकाजवळच्या खुणा या कामी उपयोगी पडतात. मात्र मीटर गेजची रुंद गेज होताना काही बदललेले आहे काय, हे पाहून घ्यावे. रस्त्याचा फाटा ही खूण या परीक्षेस घेऊ नये, त्याचे कारण आरंभीच आले आहे.

दोन पृथ्वी

सर्वांत मोठी चूक दिसत नाही तेथे लपलेली असते. जुने भारतीय नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३० मध्ये ठरविलेल्या पृथ्वीच्या आकृतीवर बेतलेले आहेत. आजचे उपग्रह आणि हातातले मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ ही निराळी आकृती वापरतात. एव्हरेस्टची पृथ्वी विषुववृत्तावर सुमारे ८६० मीटर कमी त्रिज्येची आहे आणि तिचा मध्यही वेगळा आहे. परिणामी जुन्या पत्रकावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आजच्या पद्धतीचे म्हणून भरले, तर परभणी जिल्ह्याच्या परिसरात सारे पत्रक सुमारे दीडशे मीटर आग्नेयेस सरकून बसते. प्रतिमा स्वच्छ दिसते, छेद तंतोतंत जुळतात, संगणक तक्रार करीत नाही. आणि ओढा मात्र शेजाऱ्याच्या शेतातून वाहू लागतो.

अशा नकाशाची छापील प्रत ग्रामसभेत भिंतीवर लागली तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून प्रणालीत आधी जुन्या आकृतीची निवड करावी, भूसंदर्भन तिच्यात करावे आणि नंतर रूपांतर करावे. काही सैनिकी पत्रकांवर याखेरीज चौकोनी जाळीही छापलेली असते. जुन्या भारतीय पत्रकांवरील ही जाळी गजांत मोजलेली आहे, मीटरांत नव्हे. हजार गज म्हणजे ९१४ मीटर. एका घरामागे ८६ मीटरांची चूक पडू शकते.

उपयोग कोठे?

नीट बसविलेल्या जुन्या पत्रकावर आजचे उपग्रहचित्र ठेवले की बदल बोलू लागतात. पूर्णा नदीवर येलदरी धरण होण्यापूर्वीचे पत्रक जलाशयाखाली गेलेले खोरे, तेथील वाटा व वस्त्या दाखविते. सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडी येथे निम्न दुधना प्रकल्प झाला. तेथील स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना आजोबांचे गाव कोठे होते हे अशाच पत्रकावर दाखविता येते. ओढ्याचे खोलीकरण करताना त्याची मूळ वळणे कळतात. पाणंद रस्त्यांची कामे घेताना कोणत्या वाटेवर पूर्वीपासून गाडी जात होती याचा अंदाज येतो. गावतळी व इतर सामायिक जागा राखण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात राज्यांना आदेश दिले. त्या कामात तळ्याची जुनी नोंद शोधण्यासही ही पत्रके मदत करतात.

साक्षीदाराच्या मर्यादा

तथापि या साक्षीदाराकडून जे त्याला ठाऊक नाही ते वदवून घेऊ नये. स्थलदर्शक पत्रकावर शेताची हद्द नसते. हद्दीचा निर्णय भूमि अभिलेख विभागाची मोजणी, टिपण व गाव नकाशा यांवरूनच व्हावयाचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणी गावठाणापुरती आहे. तिची आणि जुन्या पत्रकाची गल्लत करू नये. नकाशावरची बारीक रेषाच जमिनीवर दहा-पंधरा मीटर रुंद भरते, त्यामुळे पाच मीटरांचा वाद तिच्याने मिटत नाही. एखादी वाट पत्रकावर नाही म्हणून ती नव्हतीच, असेही म्हणता येत नाही. प्रमाण लहान असल्याने सर्वेक्षकाने ती गाळलेली असू शकते. गावांची नावे इंग्रजीतून लिहिलेली असल्याने त्यांचे उच्चार गावकऱ्यांना विचारूनच नोंदवावेत.

कायद्याचे भानही हवे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि सर्वांसाठी खुली एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. खुल्या मालिकेची पत्रके सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून मिळतात. २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२२ चे राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण यांनी बरीच बंधने सैल केली. तरीही ज्या जुन्या पत्रकावर निर्बंधाचा शेरा असेल, ते सक्षम अधिकाऱ्यास विचारल्यावाचून प्रसृत करू नये.

काम वाटून घ्यावे

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. पत्रक मिळविणे व त्याची वैधता पाहणे अधिकाऱ्यांनी करावे. भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांसह छेदबिंदू भरावेत आणि देऊळ, बारव, पूल येथे जाऊन मोबाइलने परीक्षेचे बिंदू घ्यावेत. पंचायत सदस्यांनी वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून नावे व आठवणी पडताळाव्यात. प्रत्येक तयार नकाशावर चार ओळी ठळक लिहाव्यात : मूळ पत्रकाचा क्रमांक, सर्वेक्षणाचे वर्ष, वापरलेली आकृती आणि परीक्षेत आढळलेली चूक किती मीटर. ज्या नकाशावर या चार ओळी नाहीत, तो ग्रामसभेपुढे ठेवू नये.

एके काळी परक्या सत्तेने या भूमीची माहिती गोळा केली ती तिच्यावर हुकमत चालविण्यासाठी. ती माहिती देणारे वाटाडे, पाटील, कोतवाल आणि शेतकरी याच मातीतले होते. त्यांचे ज्ञान पत्रकांच्या निळ्या-तपकिरी रेषांत आजही शाबूत आहे. ते बिनचूक मोजून पुन्हा गावाच्या हाती देणे हे आजच्या पिढीचे काम आहे. ओढ्याला त्याची वाट आणि शेतकऱ्याला न्याय मिळवून देताना त्या ज्ञानाचा आधार घ्यावा, पण मीटरांचा हिशेब मांडल्यावाचून घेऊ नये, एवढेच या निमित्ताने सांगावयाचे आहे.