खंडव्याची वाट आणि मनमाडची वाट

इंदुरात पलासियाच्या चौकातून जो हमरस्ता जातो, त्याचे नाव आग्रा-मुंबई रस्ता. नर्मदा ओलांडून सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव करीत तो नाशिकास पोहोचतो. माळव्यातून महाराष्ट्रात उतरण्याची ही सरळ वाट. आगगाडीने मात्र ती कधीच धरली नाही. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईस निघालेला इंदूरकर आधी उज्जैन, रतलाम गाठतो, मग गुजरातेत शिरतो आणि बडोदे, सुरत पाहून मुंबईस उतरतो. हा वळसा सुमारे ८३० किलोमीटरांचा आहे.

वस्तुतः इंदुरास पहिला लोहमार्ग आला तो दक्षिणेकडूनच. मुंबईहून जबलपूरकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खंडव्यावरून गेली होती. तेथून इंदुरापर्यंत फाटा आणण्यासाठी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारास एक कोट रुपये कर्जाऊ दिले; व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षांची. संस्थानिकाने सार्वभौम सत्तेचा सावकार व्हावे, ही गोष्ट मोठी मौजेची खरी! १८७८ साली हा मार्ग पुरा झाला. होळकर स्टेट रेल्वे हे त्याचे पहिले नाव. पुढे तो राजपुताना-माळवा रेल्वेत गेला, मग बी. बी. सी. आय. कंपनीकडे आणि १९५१ साली पश्चिम रेल्वेकडे आला.

मार्ग मीटरगेजचा, खंडव्याचा मुख्य मार्ग ब्रॉडगेजचा. म्हणून प्रत्येक प्रवाशाला तेथे गाडी बदलणे प्राप्त होते आणि प्रत्येक पोते एका वाघिणीतून दुसरीत हमालाच्या पाठीवरूनच जाई. इंदूर, देवास, धार येथल्या मराठी घरांतील लेकीसुनांचे नाशिक-जळगावचे येणेजाणे पिढ्यान्‌पिढ्या असे खंडव्याच्या फलाटावरून झाले.

या मार्गाचा खरा कस लागे तो पाताळपाणी ते काळाकुंड या घाटात. तेथे चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस फूट चालावे तेव्हा गाडी एक फूट वर येते. जास्तीचे इंजिन लावल्यावाचून तो चढून होत नसे. ब्रॉडगेजच्या जड गाड्यांना असला चढ परवडत नाही. म्हणून रुंदीकरणात घाटासाठी लांबची, सौम्य चढाची निराळी वाट आखण्यात आली. ती काळाकुंडास टाळून जाते. महूहून घाट उतरणारी नेहमीची गाडी २०२३ साली बंद झाली. घाटाच्या जुन्या तुकड्यावर २०१८ सालच्या नाताळात सुरू झालेली सहलीची गाडी तेवढी राहिली. ती राखली हे उत्तमच झाले. पण काळाकुंडच्या लोकांना बाजारहाटास, दवाखान्यास नेणारी गाडी ती नव्हे. पानाच्या द्रोणातून कलाकंद विकणाऱ्या तेथल्या बायांना गिऱ्हाईक मिळते, प्रवासाची सोय मात्र गेली.

हे आठवण्याचे कारण असे, की २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या नव्या मार्गास मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, अंदाजी खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्टेशने ३०. मनमाड ते मुंबई सुमारे २६० किलोमीटर; म्हणजे इंदूर-मुंबई अंतर ५७० किलोमीटरांच्या आत येईल. बडवानी जिल्ह्याने तर आजवर रूळ पाहिलेलाच नाही.

मुंबई जवळ येईल याचा आनंद शहरात पुष्कळ झाला, आणि तो रास्तच आहे. परंतु लोहमार्ग केवळ दोन टोकांचा नसतो. त्या ३० स्टेशनांवरून एक्स्प्रेस गाड्या नुसत्या शिटी वाजवीत जाऊ लागल्या, तर सेंधव्याच्या कापूसवाल्याला आणि शिरपूरच्या विद्यार्थ्याला पुन्हा रस्त्यावरची मोटारच धरावी लागेल. सकाळी एक आणि सायंकाळी एक अशी साधी, सर्व स्टेशनी थांबणारी गाडी आम्हांस हवी, ही मागणी रूळ पडण्यापूर्वीच दोन्ही राज्यांच्या लोकांनी मिळून केली पाहिजे. खंडव्याच्या बाजूचे रुंदीकरणही तितक्याच निकडीने पुरे व्हावे. मनमाडच्या उत्साहात ते मागे पडता कामा नये.