उंबरठ्याअलीकडचे तेरा लाख



सहकारी बँका, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत. पहिले घर घेणाऱ्याला सुरुवातीची रक्कम कशी उभी करता येईल, या विषयावर बोलायला ठाणे-कल्याण-डोंबिवलीइतकी योग्य जागा दुसरी नाही. ही शहरे पहिल्या घरानेच वाढवली. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोलीत संसार मावेनासा झाला, तेव्हा माणसे रेल्वेच्या रुळांबरोबर इकडे सरकली. कुणी सोसायटीचे भाग घेतले, कुणी गावची जमीन विकली, कुणी कचेरीतल्या पतपेढीतून कर्ज काढले. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. या आकड्यांमागे लाखो कुटुंबांची काटकसर आहे.

हे सारे एकट्यादुकट्याच्या बळावर झाले नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हापासून घर आणि सहकार यांची आपल्याकडे सांगड आहे. पुढे डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० साली, ठाणे जनता १९७२ साली आणि कल्याण जनता १९७३ साली निघाली. ज्यांच्याकडे बचत होती पण मोठी पत नव्हती, अशा पगारदार आणि छोट्या व्यावसायिक माणसांचा पैसा त्यांच्याच उपयोगी यावा, हा या बँकांमागचा विचार होता. आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला याच विचाराकडे परत जावेसे वाटते.

आता प्रश्न नेमका मांडतो. आपल्या काउंटरवर येणारे जोडपे पहिल्यांदा विचारते, "हप्ता किती बसेल?" माझा अनुभव असा की बहुतेकांची गाडी हप्त्यावर अडत नाही, त्याच्या कितीतरी आधी अडते. हिशेब करून पाहू. कल्याणच्या पलीकडे एक वन बीएचके ३५ लाखांना मिळतो आहे असे धरा. २५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता महिना २१ हजार ७०० रुपयांच्या आसपास येतो. नवराबायको मिळून ६०-६५ हजार कमावत असतील, तर ओढाताण करून का होईना, तो निघतो. पण त्याआधी वरचे १० लाख हवेत. मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे २ लाख ४५ हजार. नोंदणी ३० हजार. इमारत बांधकामाखाली असेल तर परवडणाऱ्या घराचा १ टक्का जीएसटी, ३५ हजार. बेरीज १३ लाख १० हजार. घरभाडे भरता भरता हे कुटुंब महिन्याला १० हजार बाजूला टाकू शकले, तरी एवढी रक्कम जमायला अकरा वर्षे लागतील. तोवर ३५ लाखांचे घर ३५ लाखांना राहणार नाही.

कर्जाचे प्रमाण वाढवून हा प्रश्न सुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांची. कर्जदाराचा स्वतःचा पैसा घरात अडकलेला असला की तो घर जपतो आणि बँकही बुडत नाही, म्हणून हा नियम योग्यच आहे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सहसा किमतीत धरता येत नाही. तो खिशातूनच जातो.

मग सरकारी मदत कुठे पोचते? २०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना आली आणि तिच्यातल्या व्याज अनुदानाने आपल्या भागातल्या पुष्कळ कुटुंबांना आधार दिला. वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के अनुदान, म्हणजे जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये, एकदम कर्जखात्यात जमा होत. मुद्दल उतरे, हप्ता हलका होई. मध्यम उत्पन्न गटासाठी ही सोय मार्च २०२१ मध्ये आणि दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी मार्च २०२२ मध्ये बंद झाली. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. त्यात कुटुंबाचे उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत अशा मर्यादा आहेत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान मिळते, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार.

या योजनेचे मी स्वागतच करतो. पण आपण मघाशी केलेला हिशेब तिच्या शेजारी ठेवा. ३५ लाखांच्या घरावर २५ लाखांचेच कर्ज घ्यायचे, तर १० लाख घरून आणण्याची अट त्या मर्यादेतच दडलेली आहे. ज्याला ते १० लाख उभे करता आले, त्यालाच १ लाख ८० हजारांची मदत मिळणार. उंबरठ्याच्या अलीकडे थांबलेल्याला मात्र काहीच मिळत नाही.

याच योजनेचा दुसरा घटक मला जास्त बोलका वाटतो. म्हाडाच्या कोकण मंडळाने शिरढोण, खोणी या कल्याण-शिळ पट्ट्यातल्या गावांत घरे बांधली. तिथे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख घराच्या किमतीतूनच वजा होतात. मदत आधी मिळाली की तिचे वजन किती वाढते, ते इथे दिसते. पण तिथेही एक गाठ होतीच. दुर्बल गटाची उत्पन्न मर्यादा वर्षाला ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार, होती. सोडतीत नाव लागायचे आणि तेवढ्या उत्पन्नावर कर्ज मिळायचे नाही. २०२३ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी ती मर्यादा ६ लाख झाली. अडचण जिथे होती तिथे नियम बदलला, तर बदल शक्य आहे, हा यातला धडा.

जगात यावर काय केले गेले? सिंगापूरने १९६८ पासून नोकरदारांना त्यांच्या सक्तीच्या भविष्य निधीतून सरकारी घराची सुरुवातीची रक्कम भरू दिली. इंग्लंडमध्ये २०१३ ते २०२३ या काळात सरकारच नव्या घराच्या किमतीचा २० टक्के वाटा कर्जाऊ देत असे, लंडनमध्ये पुढे ४० टक्क्यांपर्यंत, आणि ग्राहकाला ५ टक्के भरून सुरुवात करता येई. त्यामुळे घरांच्या किमतीच चढल्या, अशी टीकाही तिथे झाली. खरेदीदाराच्या हातात पैसा द्यायचा तर घरेही तेवढी वाढली पाहिजेत. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते, पण डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंना, कल्याण स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्या दादांना, भिवंडीच्या यंत्रमागावरच्या कामगाराला हा निधी कुठून असणार?

मार्ग नसला की माणूस आडवाटेने जातो. वैयक्तिक कर्ज काढून 'मार्जिन' भरले जाते, आईचे दागिने सोने तारणात जातात, आणि गृहकर्जाचा हप्ता सुरू होण्याआधीच पगाराचा मोठा भाग संपलेला असतो. दुसरी आडवाट याहून घातक आहे, ती म्हणजे बेकायदा इमारतीत घर घेण्याची. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेणाऱ्या अनेकांनी बँकेचे कर्ज काढले होते. बँकेने कर्ज दिले म्हणजे कागदपत्रे खरी, असे सामान्य माणूस धरून चालतो. त्याच्या या विश्वासाची जबाबदारी आपल्यावर आहे, आणि ती झटकता येणार नाही.

म्हणून या परिषदेने चार गोष्टी हाती घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली, आपल्या बँकांनी 'पहिले घर आवर्ती ठेव' सुरू करावी. तीन ते पाच वर्षे नियमित भरणाऱ्याला व्याज थोडे जास्त द्यावे. त्याने वेळेवर भरलेले घरभाडे आणि ही ठेव, दोन्ही कर्ज मंजूर करताना परतफेडीचा पुरावा म्हणून धरावीत. पगाराची स्लिप नसलेल्या ताई-दादांना याचा सर्वांत मोठा उपयोग होईल. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांची वैयक्तिक गृहकर्जाची मर्यादा दुपटीने वाढवली आहे. ती वाढीव ताकद आधी पहिल्या घराकडे वळवू या.

दुसरी, पगारदार पतसंस्था आणि बँका यांनी हातात हात घालावा. पतसंस्थेचे कर्ज लपवून 'मार्जिन' भरण्यापेक्षा ते उघड धरून दोन्ही हप्ते झेपतील एवढेच घर सुचवावे. कधी कधी "थोडे थांबा" हे सांगणे हीसुद्धा मदत असते.

तिसरी, बुकिंगच्या आधी कागद तपासून देण्याची सोय प्रत्येक शाखेत असावी. महारेराचा क्रमांक पाहून थांबू नये, बांधकाम परवानगी महापालिकेतून पडताळावी. नोंदणीकृत कराराआधी विकासकाला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचे कलम १३ प्रत्येक शाखेच्या फलकावर ठळक लावा. रोखीने मोठे 'टोकन' देऊन बसलेली माणसे आपल्याकडे फार उशिरा येतात.

चौथी मागणी सरकारकडे. महिलेच्या नावाने घर घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३५ लाखांच्या घरावर ती ३५ हजार भरते, आणि नोंदणीच्या दिवशीच हातात पडते. अशीच सवलत ३५ लाखांपर्यंतच्या पहिल्या घराला द्यावी. केंद्राने व्याज अनुदानाचे १ लाख ८० हजार पाच वर्षांत वाटण्याऐवजी कर्जवाटपाच्या वेळीच एकरकमी द्यावेत. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. त्या घरांच्या किल्ल्या कुणाच्या हातात जाणार, हे सुरुवातीच्या रकमेवरच ठरेल.

मित्रहो, पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपल्या आधीच्या पिढीने कमी पैशात, कमी साधनांत या गावांत बँका काढल्या, कारण शेजाऱ्याची गरज त्यांना आपली वाटली. आज आपल्या ठेवी, शाखा, संगणक सारे काही मोठे आहे. भाड्याच्या खोलीत अकरा महिन्यांचे करार बदलत राहणारी मुलगी किंवा मुलगा आपल्याच ठेवीदाराचे अपत्य आहे. या चार गोष्टींचा ठराव आज संध्याकाळच्या सत्रात मांडला जाईल. तो एकमताने मंजूर करा, आणि पुढच्या परिषदेला येताना आपल्या शाखेतून किती पहिल्या घरांचा दरवाजा उघडला, तो आकडा घेऊन या.