आपल्याला माहीत आहे, पण कोर्टाला पटेल का?

घणसोली, गोठिवली आणि तळवली गावठाणातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज कर्जाबद्दल बोलायचं नाही, पापडाच्या ऑर्डरीबद्दलही नाही. आज बोलायचंय कोर्टाच्या गोष्टीबद्दल. म्हणजे अशी गोष्ट, की गॅसवर दूध आहे हेसुद्धा विसरायला होतं.

कोर्ट म्हटलं की आपल्यापुढे सिनेमातलं कोर्ट येतं. जज हातोडा आपटतात, शेवटच्या क्षणी साक्षीदार धापा टाकत आत येतो. आमच्यातल्या ज्या कुणी खऱ्या कोर्टाची पायरी चढल्यात, त्या हसतात. आपल्याकडे हातोडा नसतो, तारीख असते. मग तिथली गोष्ट एवढी का धरून ठेवते?

गेल्या पावसाळ्यात हप्ते जमा करून रजिस्टर मिटलं, की आम्ही अर्धा तास मोठ्याने वाचायचो. वाचलं ते आचार्य अत्रे यांचं 'तो मी नव्हेच'. १९६२ सालचं हे नाटक एका खऱ्या खटल्यावरून लिहिलेलं आहे. तुमच्या आई-आजीने पाहिलं असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. प्रभाकर पणशीकरांनी त्याचे वर्षानुवर्षं गावोगाव प्रयोग केले.

पिंजऱ्यात उभा आहे लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. आरोप असा, की याने नावं बदलली, वेष बदलले, ठिकठिकाणी लग्नं केली आणि पैसा-दागिने घेऊन पसार झाला. एका घरात तो दिवाकर दातार होता, मोठा सरकारी अधिकारी. दुसरीकडे लष्करातला कॅप्टन, आणखी कुठे राधेश्याम महाराज. फसलेली माणसं एकेक करून साक्षीला येतात, बोट दाखवून हाच तो म्हणतात. आणि हा शांतपणे सांगतो, की मी तो नाहीच.

आता गंमत बघा. गुन्हेगार कोण, हे पहिल्यापासून उघड आहे. रंगमंचावर ही सगळी सोंगं एकटे पणशीकरच करायचे, म्हणजे प्रेक्षकाला तोच चेहरा दिसायचा. लपवलेलं काही नाही. रहस्यकथेत खुनी कोण ते शेवटी कळतं. इथे आधीच कळलेलं असतं आणि तरी जीव टांगणीला लागतो. आपल्याला कळलं, पण कोर्टाला कळेल का? पुरावा पुरेल का? आम्हाला वाटतं, कोर्टाच्या चांगल्या गोष्टीचा सगळा जोर या अंतरात असतो. एका बाजूला खरं काय ते, दुसऱ्या बाजूला शाबीत काय होतं ते.

त्यात लखोबा स्वतःचा खटला स्वतःच चालवतो. त्याच्यामुळे जिचं आयुष्य विस्कटलं, तिचीच उलटतपासणी तो घेतो. गोड बोलून, आदराने. वाचताना आमच्या एका मावशींनी पुस्तकावर हात आपटला होता. राग त्याच्या खोटेपणाचा नव्हता, त्याच्या सभ्यपणाचा होता.

दिग्दर्शक मो. ग. रांगणेकरांनी या नाटकासाठी मराठी रंगभूमीवर फिरता रंगमंच आणला. साक्षीदार बोलायला लागला, की मंच फिरतो आणि कोर्टाच्या जागी तिचं घर येतं, लग्नाची बोलणी येतात. पुन्हा फिरला की कोर्ट. पुस्तक वाचताना मंच दिसत नाही, पण आम्ही तो मनात फिरवून घेतला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पहिले दोन दिवस आमच्या गटात एकच चर्चा होती: अगं, एवढी शिकलेली बाई, फसलीच कशी? कुणी हसलं, कुणी आई-बापाला बोल लावला. तिसऱ्या दिवशी आमच्यातली एक जण, जी कधी फारसं बोलत नाही, म्हणाली, "मलापण वकिलाने हेच विचारलं होतं." तिच्या बहिणीची अशीच फसवणूक झाली होती आणि ही साक्षीला गेली होती. तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. तारीख चुकली, तर म्हणे सगळंच खोटं. त्यानंतर 'फसलीच कशी' हे गटात कुणी म्हटलं नाही. पुढची पानं आम्ही वेगळ्याच कानांनी ऐकली.

तिने सांगितलेलं तुमच्याही उपयोगाचं आहे. उलटतपासणीत प्रश्न कळला नाही, तर पुन्हा विचारायला सांगता येतं. आठवत नसेल, तर आठवत नाही म्हणावं, अंदाजाने तारीख ठोकू नये. नुसता अपमान करण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात.

आणि लखोबाचं फावतं कशामुळे? नाव बदललं की माणूस बदलला, असं त्याला म्हणता येतं म्हणून. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेत नोंद होते, त्यात दोघांचे फोटो, ओळखीचे पुरावे आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. पहिलं लग्न लपवून दुसरं केलं, तर नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

कोर्टाचं दुसरं मोठं मराठी नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७ सालचं. तिथे कोर्ट खोटं आहे. नाटकवाली मंडळी वेळ जावा म्हणून खेळ मांडतात आणि बेणारे नावाच्या शिक्षिकेला आरोपी करतात. जो पुरुष तितकाच जबाबदार, तो तिथे नसतोच. अत्र्यांच्या कोर्टात पुरुष पिंजऱ्यात आहे आणि बायका साक्ष देतात. तेंडुलकरांच्या कोर्टात बाई पिंजऱ्यात आहे आणि बाकीचे तिच्याविरुद्ध साक्ष देतात. आम्हाला विचाराल, तर लखोबापेक्षा हे खोटं कोर्ट जास्त घाबरवतं. चावडीवर, नळावर, लग्नाच्या मांडवात ते रोज भरतं. पण ते आमच्या गटात अजून निम्मंच वाचून झालंय, त्यामुळे त्याबद्दल नंतर बोलू.

लखोबाचं पुढे काय होतं, ते सांगणार नाही. पुस्तक वाचनालयात मिळेल. एकटीने वाचू नका, गटात वाचा. लखोबाचं काम गटातल्या सगळ्यात गोड बोलणाऱ्या बाईला द्या. आमच्याकडे ते खजिनदारांनी केलं. हप्ता मागायला त्या आल्या, की बायका अजून म्हणतात, "ती मी नव्हेच!"