हिशेबाची दुसरी बाजू
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये न्यासाच्या जमाखर्चाची तपासणी होते. किती शिष्यवृत्त्या दिल्या, औषधोपचारावर किती खर्च झाला, हे त्यातून कळते. परंतु मदत वेळेवर पोहोचली का आणि ती घेताना कोणाला मान खाली घालावी लागली का, हे ताळेबंद सांगत नाही. कापड गजाने मोजता येते. ते अंगाला सुखावते की बोचते, हे नेसणाराच जाणतो.

या दृष्टीने राजस्थानातील एक उदाहरण मननीय आहे. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरविली. सरकारी कामांच्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचण्यात आल्या आणि त्या खऱ्या की खोट्या, याची साक्ष गावकऱ्यांनीच दिली. अशा प्रयत्नांतून 'सामाजिक अंकेक्षण' रूढ झाले. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ च्या कलम १७ ने हे काम ग्रामसभेकडे सोपविले.

हा मार्ग समाजात जसाच्या तसा आणता येणार नाही. मजुरी हा हक्क असतो. तिथे नाव वाचल्याने कोणी लाजत नाही. साधर्मिक भक्ती मात्र गुप्त राहण्यातच घेणाऱ्याचा मान आहे. म्हणून नावे झाकलेली आणि मते उघडी, अशी रीत हवी. प्रश्न ठरवितानाच लाभार्थींना सोबत घ्यावे. उत्तरे निनावी असावीत आणि ती मदत मंजूर करणाऱ्यांनी गोळा करू नयेत. उपकाराच्या ओझ्याखाली कोणी खरे बोलत नाही. ज्यांचे अर्ज नामंजूर झाले व ज्यांनी संकोचाने अर्जच केला नाही, त्यांनाही विचारावे. शेवटी, काय ऐकले आणि त्यावरून काय बदलले, हे वार्षिक सभेत सांगावे. अन्यथा पुढील वर्षी कोणी उत्तर देणार नाही.

साधू, साध्वी, श्रावक, श्राविका मिळून चतुर्विध संघ होतो. घरातील अडचण प्रथम जाणणाऱ्या श्राविकेचे मत वगळून केलेले मूल्यमापन अपुरेच राहील.

अनेकांत केवळ प्रवचनाचा विषय नव्हे. विश्वस्तांची दृष्टी हा एक नय आहे, घेणाऱ्याची दृष्टी हा दुसरा. एकाच नयाला पूर्ण सत्य मानणे हा एकांत होय. पन्नास वर्षे देणाऱ्या हातांचा यथोचित गौरव झाला. यापुढे घेणाऱ्या हातांचे म्हणणेही अहवालात यावे, हीच शुभभावना.

जय जिनेंद्र!