करपल्लवी : गोंधळ्यांची झाकलेली भाषा



मी भाषेचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. त्यामुळे विषय जमा-खर्चाच्या अंगानेच मांडणार आहे. विषय आहे गोंधळी समाजाची सांकेतिक भाषा.

आपल्या जुन्या घरांत लग्नकार्य झाले की देवीचा गोंधळ घालण्याची रीत आहे. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने गावोगावच्या देवतांना बोलवायचे, मग आख्यान आणि शेवटी आरती. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन मुख्य भेद सांगतात. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, कदमराई तुळजाभवानीचे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातली सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजेही रेणुकाच, म्हणून हा समाज आपल्याला परका नाही. सीमेच्या अलीकडे कन्नड मुलखात राहूनही कित्येक गोंधळी घरांत मराठीच बोलली जाते. आपण मात्र त्यांच्या विधीच्या नावाचा अर्थ रोजच्या बोलण्यात गडबड, घोटाळा असा करून टाकला. तेवढ्यावरून त्यांची किंमत आपण काय केली ते कळते.

गोंधळाच्या रात्री एक प्रकार होत असे. एक गोंधळी मंडळींत फिरे. कोणीतरी त्याच्या कानात एखादे नाव सांगे. तो तोंडातून अक्षर काढत नसे, फक्त बोटे हलवी. पलीकडे उभा असलेला जोडीदार ती बोटे पाहून नाव बिनचूक सांगे. लोक थक्क होत, ओवाळणी टाकत. हीच करपल्लवी. डोळ्यांच्या खुणांनी बोलतात ती नेत्रपल्लवी.

यात जादू काहीच नाही, हिशेब आहे. करपल्लवीची जी जुनी रीत आपल्या देशात सांगितली जाते ती अशी. हाताचा आकार अक्षराचा वर्ग सांगतो : नागाच्या फणीसारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्र फिरवले की च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार दाखवला की ट-वर्ग. मग जितकी बोटे दाखवली तितकावा वर्ण. कमळ आणि तीन बोटे, म्हणजे ‘ग’. मात्रा चुटक्यांनी द्यायची. आता विचार करा, ज्याला सगळी वर्णमाला वर्गवार पाठ नाही त्याला हे जमेल का? ज्यांना आपण अडाणी, भिक्षेकरी म्हणत आलो, त्यांच्या बोटांत आपली वर्णमाला होती.

ही झाली खुणांची भाषा. शिवाय महाराष्ट्रातल्या अनेक भटक्या जमातींच्या आपसांत बोलायच्या वेगळ्या बोली आहेत. त्यांना बहुधा पारुशी असे नाव ऐकू येते. परक्या गावात रोज नवा पाटील, नवा फौजदार. चार माणसांत आपल्या माणसाला सावध करायचे तर चारचौघांची भाषा कामाची नाही. ज्याच्याकडे ना जमीन ना भिंत, त्याने शब्दांचा आडोसा केला.

कोणी म्हणेल, लपवून बोलायचे म्हणजे काहीतरी काळेबेरे असणारच. त्यांना मी आपल्या बाजारपेठेची आठवण देतो. आपल्या व्यापाऱ्यांचीही एक नंदभाषा होती. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा तर एकाला केवली म्हणायचे, दोनाला अवारू. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात. याला आपण व्यापारी चातुर्य म्हणतो. तोच आडोसा भटक्याने केला की ती चोरांची भाषा ठरते. एकाच व्यवहाराची नोंद एका खात्यात जमेला आणि दुसऱ्या खात्यात नावे, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब सरकारी कागदावरही चढला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली. १९०८ साली मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातील केनेडी या अधिकाऱ्याने इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक काढले, त्यात त्या त्या जमातीचे गुप्त शब्द नोंदवले. शब्द जमवले ते पकडण्यासाठी. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ साली आला, त्यात कोल्हाटी, गारुडी अशा भटक्यांच्या बोलींना जागा मिळाली. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लोकांची नजर रद्द झाली नाही. पुढे २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड प्रसिद्ध झाला आणि भटक्या-विमुक्तांच्या बोलींकडे भाषा म्हणून पाहिले गेले.

आता आपल्या घरचा प्रश्न. आपण भाषिक अल्पसंख्य म्हणून राज्यघटनेच्या कलम २९ चा आधार घेतो. ज्यांची स्वतःची भाषा, लिपी, संस्कृती आहे त्यांना ती जतन करण्याचा हक्क आहे, असे ते कलम सांगते. त्यात मोठी भाषा, लहान भाषा असा भेद नाही. आपल्याला लागू असलेले कलम आपल्या दारी संबळ वाजवणाऱ्यालाही लागू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या पेढ्यात यांचा वाटा नाही का?

एक शंका येईल. त्यांनी वेगळी बोली नोंदवली तर मराठीचा आकडा घटेल आणि सवलतींसाठी लागणाऱ्या १५ टक्क्यांना धक्का बसेल. ही भीती फोल आहे. आपल्या जनगणनेत मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या जातात. घरची भाषा मराठी असेल तर तिथे मराठी, आणि आपसांतली बोली पुढच्या रकान्यात. आपला आकडा तसाच राहतो आणि त्यांची भाषा कागदावर येते. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा स्वतंत्र दाखवल्याच नाहीत, तरी नोंदच केली नाही तर पुढे मागणार कशाच्या आधारावर? २०२७ च्या जनगणनेआधी हे त्यांना जाऊन सांगणे आपले काम आहे.

शेवटी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, गोंधळाला बोलावले तर अर्ध्या तासात गुंडाळू नका. करपल्लवी मागून घ्या आणि मानधन आधी ठरवून द्या. दुसरी, ही विद्या ज्यांना येते अशा वडीलधाऱ्यांकडून त्यांच्याच मुलांनी ती शिकावी यासाठी मंडळाने खर्च उचलावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : त्यांच्या परवानगीशिवाय एक शब्दही टिपू नये, चित्रित करू नये. आडोशाची भाषा उघडी करायची की झाकून ठेवायची, हे ज्यांचा आडोसा त्यांनीच ठरवायचे. बँकेत आम्ही लॉकर भाड्याने देतो, आत काय ठेवले ते विचारत नाही. एवढा मान आपण त्यांनाही देऊ या.